गांगुर्डे सिस्टर आणि बरणीतला पारा

गांगुर्डे सिस्टरांनी माझा धंदा बुडवला, असं मी चारचौघांत सांगतो खरा, पण त्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त असतं. तसं पाहिलं तर माझा धंदा बुडवायला कुणा कर्तबगार माणसाची गरजच नव्हती. ते काम मी एकट्यानेही पार पाडलं असतं. शालिमारजवळच्या एका बोळात माझं दुकान होतं. थर्मामीटर, बीपी मोजायची यंत्रं, स्टेथोस्कोप असला माल मी दवाखान्यांना पुरवत असे. बी.एस्सी. झालो होतो, तेही दुसऱ्या खेपेला, आणि गळ्यात टाय बांधून दवाखान्यांत शिरलो की एखादा पेशंट मला 'डॉक्टर' म्हणून हाक मारी. त्याची चूक दुरुस्त करायच्या फंदात मी कधी पडलो नाही.

सिस्टर पंचवटीच्या बाजूला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. मूळच्या सटाण्याकडच्या. अंगाने ठेंगण्या, रुंद, आणि पांढऱ्या साडीला खळ इतकी कडक की सिस्टर दिसायच्या आधी साडी ऐकू येई. एरवी बोलणं अगदी शहरी, स्वच्छ. पण राग आला की माहेरची अहिराणी वर येई, आणि 'हाई काय शे?', म्हणजे 'हे काय आहे?', एवढं कानावर पडलं की वॉर्डातले पेशंटसुद्धा आपापली चादर सारखी करत.

आमची पहिली भेट नव्वदीच्या मध्यावर कधीतरी झाली. मी ऑर्डर मिळवायला गेलो होतो. आमच्या कंपनीच्या थर्मामीटरचा पारा दोन झटक्यांत खाली येतो, हे दाखवायला मी हात उचलला आणि पहिल्याच झटक्यात थर्मामीटर त्यांच्या टेबलाच्या कडेवर आपटला. काच फुटली, पारा फरशीवर पळाला. मी हसत हसत बुटाने ते मणी टेबलाखाली सारले. इतरत्र मी हेच करत असे, आणि इतरत्र ते खपतही असे.

सिस्टर उठल्या, पंखा बंद केला, खिडकी सताड उघडली आणि मला हातातली अंगठी काढून ठेवायला सांगितली. मला वाटलं, बाई थट्टा करताहेत, म्हणून मी ती काढली नाही. मग त्यांनी जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या दोन पट्ट्या आणि बिनसुईची एक सिरिंज माझ्या हातात दिली. एक पट्टी आडवी धरायची, दुसरीने मणी तिच्यावर लोटायचे आणि सिरिंजने ओढून घ्यायचे. टाय पाठीवर टाकून मी दोन्ही गुडघ्यांवर आलो. सगळं झालं असं मला वाटलं तेव्हा त्यांनी बॅटरी पेटवून फरशीवर आडवी ठेवली. त्या उजेडात पार कपाटाच्या पायापर्यंत बारीक बारीक चमचम दिसायला लागली.

"बी.एस्सी.ला एवढंच गोळा करायला शिकवतात का?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा कामाला लागलो. ऑर्डर काही मिळाली नाही. चहा मात्र मिळाला, तोही बशीसकट. संध्याकाळी घरी बायकोने माझ्या अंगठीकडे पाहिलं. सोन्याची अंगठी एका बाजूने पांढरीफटक पडली होती. सोनं पारा ओढून घेतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि त्यावर परीक्षेत गुणही मिळवले होते. दुसऱ्या दिवशी सराफाने ती अंगठी भट्टीवर तापवून पुन्हा पिवळी करून दिली. पुढच्या भेटीत मी हे मोठ्या कौतुकाने सिस्टरांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, की तापवल्यावर जी वाफ निघाली ती कुणी खाल्ली. मी आठवून पाहिलं. दुकान लहान होतं, आम्ही दोघंच होतो, तेव्हा ती बहुधा सराफाने आणि मी वाटून खाल्ली असावी.

पाऱ्याच्या बाबतीत सिस्टर जन्मापासून अशा नव्हत्या. ट्रेनिंगच्या काळात आम्ही पोरी तो तळहातावर घेऊन खेळायचो, एकीच्या हातून दुसरीच्या हातात ओतायचो, हे त्या स्वतःच सांगत. पुढे कधीतरी हॉस्पिटलने त्यांना मुंबईला एका शिबिराला पाठवलं. तिथे कुणा डॉक्टरने सांगितलं की सांडलेला पारा जात नाही, तो खोलीतल्या हवेत भिनत राहतो. मोरीत लोटला तर नदीत जातो, नदीतून माशात, माशातून बाईच्या पोटात आणि तिथून तिच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूत. "मला त्यातलं निम्मंच कळलं," सिस्टर म्हणत, "पण त्या निम्म्यानेच झोप उडाली." त्यांचं निम्मं आयुष्य बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेलं होतं. आणि त्या वॉर्डाची मोरी कुठे जाते हे नाशकात कुणाला सांगावं लागत नाही.

तोवर त्या हॉस्पिटलात रीत अशी होती की ज्या नर्सच्या हातून थर्मामीटर फुटेल तिने तो भरून द्यायचा. त्यामुळे तिथे कागदोपत्री थर्मामीटर कधीच फुटत नसे. तो हरवत असे. आणि पारा गादीच्या शिवणीत, फरशीच्या फटीत, लाकडी खुंटीच्या भोकात सापडत असे. सिस्टरांनी भांडून ती भरपाई बंद केली आणि उलटच नियम काढला. जी पारा गोळा करून आणेल तिला मेट्रनच्या डब्यातला चिवडा आणि चहा. चिवडा त्या घरी करत, तळलेल्या खोबऱ्याचे काप घालून, आणि तो खरोखरच उत्तम असे. दोन महिन्यांत एवढे थर्मामीटर फुटले की एका डॉक्टरांनी विचारलं, हॉस्पिटलात भूकंप वगैरे होतो का. पोरी मुद्दाम फोडतात की आधीपासूनच एवढे फुटत होते, हा प्रश्न सिस्टरांना शेवटपर्यंत सुटला नाही. "एकतर मी शहाणी आहे, नाहीतर माझा चिवडा घातक आहे," असं त्या म्हणत आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसत.

गोळा झालेला पारा जाड काचेच्या एका बरणीत जाई. वाफ उठू नये म्हणून वर बोटभर पाणी, बरणीखाली परात, आणि हे सगळं एक्स-रेच्या जुन्या डार्करूममधल्या लोखंडी कपाटात कुलूप लावून. एका उन्हाळ्यात बरणीत भर पडायची थांबली. फुटणं चालू होतं, चिवडा खपत नव्हता. चौकशी केल्यावर हिराबाई सापडल्या. हिराबाई म्हणजे बाळंतपणाच्या वॉर्डातल्या आयाबाई, दिंडोरीकडच्या, कामाला वाघीण. त्या फुटलेला पारा पुडीत बांधून घरी नेत होत्या.

हिराबाईंनी काही लपवलं नाही. उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरताना त्यात पारा घालायची आपल्याकडे जुनी चाल. किराणा दुकानात त्याच्या टिकड्या मिळत. "इथं तर तो फुकाट सांडतोय, बाई," त्या म्हणाल्या. "राखंत खलून गव्हाला लावला तर किडा नाय पडत. लय गुण हे त्याचा. तुमच्या चिवड्याचं काय, घडीभराचं काम."

सिस्टरांनी डोक्याला हात लावला. मी नेमका तिथे उभा होतो, आणि गप्प राहायची अक्कल मला असती तर पुढचं टळलं असतं. पण मी हिराबाईंची बाजू घेतली. म्हटलं, सिस्टर, एवढं काय, माझ्या आईच्या कोठीतही पारा आहे, मीच नेऊन देतो, दुकानातला. आई साऱ्या इंदिरानगरात सांगते, माझ्या मुलाचा स्वतःचा पाऱ्याचा व्यवसाय आहे.

"हाई काय शे?" सिस्टर म्हणाल्या. हे हिराबाईंना नव्हतं, मला होतं.

त्या रविवारी त्या रिक्षा करून आमच्या घरी आल्या. सोबत कडुनिंबाचा पाला, एरंडेलाची बाटली आणि हिराबाई. हिराबाईंच्या घरचं काम त्यांनी आदल्या दिवशीच उरकलं होतं. आई आमची कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. तिने पाहुणीला पाणी दिलं आणि सुनावलं, की आमच्या घरात माझ्या सासूच्या काळापासून गव्हात पारा घालतात, कुणी मेलं नाही. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मेलं असतं तरी गव्हाला कोण विचारायला गेलं असतं, आई?" आईने पाण्याचा रिकामा पेला उचलला. मग तिने उलट विचारलं, की तुझ्या माहेरी काय घालत होते. सिस्टरांनी कबूल केलं की पाराच घालत. जन्मापासून लग्नापर्यंत तेच गहू खाल्ले. "म्हणून तर डोकं असं झालंय," त्या म्हणाल्या. एवढ्यावर दोघींचं जमलं. दिवसभर गच्चीवर तिघी बायका गहू निवडत बसल्या, किराणा दुकानातल्या जुन्या टिकड्या बाजूला काढल्या, पारा लावलेली कणगी वेगळी केली आणि बाकीच्या गव्हाला एरंडेल चोळलं. मला पोती उचलायचं काम दिलं होतं. दुसऱ्या पोत्यालाच माझी कंबर धरली आणि उरलेली हिराबाईंनी उचलली.

त्यानंतर सिस्टरांनी माझ्या दुकानाकडे मोर्चा वळवला. पाऱ्याच्या ऐवजी घड्याळाच्या तबकडीची बीपी यंत्रं आणि सेलवर चालणारे थर्मामीटर आणून द्या, असा त्यांचा लकडा. जुने डॉक्टर कुरकुरले, पाऱ्याशिवाय बीपी म्हणजे अंदाजपंचे. मीही त्यांच्या सुरात सूर मिसळला, कारण गोदामात माझा पाऱ्याचा माल पडून होता. पण नव्या यंत्रांची किंमत जास्त आहे हे लक्षात आलं तेव्हा मला पर्यावरणाची कळकळ वाटू लागली. सिस्टरांना हे सगळं दिसत होतं.  एका वर्षात एकेका वॉर्डातून पारा हलला, उभ्या यंत्रांतला सगळा बरणीत गेला, आणि ज्या दिवशी शेवटचं उभं यंत्र भिंतीवरून निघालं त्या दिवशी त्यांनी मलाही चिवडा दिला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

प्रश्न उरला बरणीचा. हॉस्पिटल मोकळं झालं होतं, पण पारा कुठेच गेला नव्हता. तो कपाटात होता, आणि सिस्टरांची निवृत्ती जवळ आली होती. त्याला कायमचा मुक्काम मिळावा एवढंच आता त्यांना हवं होतं. घेणारे खूप होते. सराफ तयार होते, एक वैद्य औषधासाठी तयार होते. सिस्टर प्रत्येकाला एकच विचारत, की तुमच्याकडून तो पुढे कुठे जाईल. उत्तर ऐकून नको म्हणत. सरकारी कार्यालयात गेल्या तर तिथल्या साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तो ठेवायला आमच्याकडेही जागा नाही, तुम्ही नीट ठेवलाय ना, मग ठेवा तसाच. शेवटी मी तोडगा काढला. आमची कंपनी परत घेईल म्हटलं, पारा गाळून स्वच्छ करील.

"आणि मग?"

"मग नव्या थर्मामीटरमध्ये भरील."

"म्हणजे माझाच पारा नव्या काचेत घालून तुम्ही दुसऱ्या मेट्रनला विकणार."

माझ्या मनात नेमकं तेच होतं. एका मेट्रनचं नावही मनात होतं.

सिस्टर निवृत्त झाल्या ते सिंहस्थाचं वर्ष होतं. हॉस्पिटलच्या अंगणात मांडव घातला होता. अध्यक्ष होते ट्रस्टी अण्णासाहेब, विंचूरला कांद्याच्या आडतीत नाव काढलेले, हॉस्पिटलसाठी हात कधी आखडता न घेतलेले सज्जन गृहस्थ. त्र्यंबकच्या वाटेवर त्यांनी पाऱ्याची शिवलिंगं विकायला पाहिली होती आणि त्यांच्या मनाने घेतलं होतं. सिस्टरांच्या सेवेचं कायमचं स्मारक म्हणून त्या बरणीतल्या पाऱ्याचं शिवलिंग घडवून अंगणातल्या देवळात बसवायचं, असं त्यांनी भाषणात जाहीर केलं. कारागीर ठरवलाही होता. बरणी स्टेजवर आणवली होती. ती लोकांना दाखवायला त्यांनी एका हाताने उचलली, म्हणजे उचलायला गेले. लोणच्याची असते तेवढीच बरणी, पण ती जागची हलली नाही. त्यांनी दुसरा हात लावला, चेहरा लाल झाला, आणि ते 'असो' म्हणून खाली बसले.

टाळ्या पडल्या. मग सिस्टर बोलायला उठल्या.  ज्या माणसाने दर अडचणीला पैसे दिले त्याला त्याच्याच मांडवात नाही म्हणायचं होतं.

"अण्णासाहेब, देवाबद्दल मी काही बोलत नाही. पण हा आपला केर आहे. आपण सांडला, आपण भरला. उद्या ह्याच्यावर कुणी श्रद्धेने दूध घालील, आणि ते तीर्थ म्हणून माझ्या वॉर्डातल्या बाळंतिणीला पाजतील. तिला पिऊ नको म्हणायला मी इथे नसेन."

 मी भारावून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या टाळीला लक्षात आलं की मी एकटाच आहे, तेव्हा उरलेल्या दोन टाळ्या मी डास मारल्यासारख्या इकडेतिकडे मारल्या.

अण्णासाहेब दुखावले, पण चिडले नाहीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "मग ठेवायचा कुठे, सिस्टर? तुम्ही तर उद्यापासून घरी."

"कपाटातच. मी येत जाईन," सिस्टर म्हणाल्या.

आणि त्या येत राहिल्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शहर बसने यायच्या. डार्करूम उघडायची, दार सताड ठेवून थोडा वेळ बाहेर थांबायचं, मग बरणीचं झाकण पाहायचं, पाणी आटलं असेल तर वर घालायचं, कुलूप ओढून पाहायचं आणि परत जायचं. नव्या मेट्रन चांगल्या होत्या, पण त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, आणि कपाटात नक्की काय आहे हे नव्या नर्सना माहीतही नव्हतं. कुणीतरी विचारलं, सिस्टर, एवढं काय आहे त्यात. त्या म्हणाल्या, "काही नाही गं, एक म्हातारा आहे. त्याला मरण नाही, म्हणून बघायला यावं लागतं." मी त्या वाटेवर असलो तर त्यांना स्कूटरवरून सोडत असे. स्कूटरवर त्या मला सावकाश चालवा असं कधी सांगत नसत. माझ्या खांद्याला नुसता चिमटा काढत.

दोन-तीन वर्षांनी त्यांचं हृदय दमलं. त्यांना त्यांच्याच हॉस्पिटलात ठेवलं होतं. दुपारची वेळ होती, मी मोसंबी घेऊन गेलो. साडीऐवजी हॉस्पिटलचा गाऊन घातलेल्या सिस्टर फार लहान दिसत होत्या, आणि मला ते बघवेना. मी काहीतरी हवापाण्याचं बोलायला लागलो. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"शिरोडे, तुमचं वय काय हो?"

मी सांगितलं. शेजारच्या टेबलावर तबकडीचं बीपी यंत्र होतं, कधीकाळी मीच दिलेलं. ते त्यांनी मागून घेतलं, मला बाही वर करायला लावली आणि पडल्या पडल्या माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबायला त्यांच्या बोटांत जोर नव्हता, तेव्हा तो मी दाबला. कानात स्टेथोस्कोप घालून त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग पट्टा सोडला.

"वर आहे. इलाज करा. मीठ सोडा, जिलबी सोडा. नीट राहिलात तर अजून वीस वर्षं जातील," त्या म्हणाल्या आणि उशीखालची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "तेवढी वर्षं तुम्ही जात जा. आणि तुमच्यानंतर कोण, ते आतापासूनच बघून ठेवा."

माझ्यासारख्या माणसावर आयुष्यात कुणी एवढं मोठं काम सोपवलं नव्हतं. दारातून मागे वळून पाहिलं, तर त्या पट्ट्यातली उरलेली हवा तळहाताने दाबून काढत होत्या, नीट घडी घालून ठेवण्यासाठी. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

किल्ली मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच मी डॉक्टरांकडे जाऊन बीपीची गोळी सुरू करून घेतली होती. आजतागायत ती एकदाही चुकवलेली नाही. बायकोला वाटतं, उशिरा का होईना मला जिवाची किंमत कळली. तसं काही नाही. मला पहिल्या सोमवारी बरणीतलं पाणी बघायला जायचं असतं, आणि माझ्यानंतर कोण, ते अजून ठरलेलं नाही.